विकणाऱ्याची यादी, घेणाऱ्याची यादी

मामाने तयार केलेल्या जाहिरातीने दोन पानं भरली होती. १९८४ सालची कॅटालिना २२, सोबत ट्रेलर, एवढं पहिल्या ओळीत सांगून झालं की लगेच सामान सुरू व्हायचं. गुंडाळता येणारं पुढचं शीड, जोराच्या वाऱ्यासाठी लहान जिब, मंद वाऱ्यासाठी स्पिनेकर, नकाशा दाखवणारा जीपीएस, खोली मोजणारं यंत्र, व्हीएचएफ रेडिओ, ऑटोपायलट, सौर पॅनल, दोन बॅटऱ्या, शेगडी, कॉकपिटवर ताणायची कनात, दोन नांगर, नव्या गाद्या आणि सगळ्यात शेवटी कप ठेवायचे सागवानी स्टँड. त्याखाली किंमत: ९,५०० डॉलर.

"मामा, तू बोट विकतोयस की दुकान?" भाचीने विचारलं.

मामा मोटार कंपनीतून निवृत्त झालेला इंजिनीअर. मुक्काम मिशिगनमधल्या नोव्हायला, डेट्रॉइटच्या वायव्येला. भाची विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासते. जुन्या झालेल्या वस्तूची किंमत किती उरली, हा तिचा रोजचा प्रश्न. मामाचा खांदा आता डोलकाठी उचलू देत नाही, म्हणून बोट विकायची यावर दोघांचं एकमत होतं. एप्रिलमध्येच विकायची, यावरही होतं. इथला शिडाच्या बोटींचा हंगाम मे ते ऑक्टोबर, त्यामुळे गिऱ्हाईक बर्फ वितळला की शोधायला लागतं आणि ऑगस्टनंतर पुढच्या वर्षी बघू म्हणतं. मतभेद होता तो यादीवरून.

"सामान जोडलेली बोट घेतली की माणूस पुढच्याच शनिवारी पाण्यात जातो," मामाने बाजू मांडली. "नुसता सांगाडा घेतलेला माणूस शिडं, मोटर, टायर, रेडिओ जमवत बसतो आणि त्याचा उन्हाळा गॅरेजमध्ये जातो. हे सगळं नवं घ्यायचं म्हटलं तर बोटीपेक्षा सामानच महाग पडतं. त्यातला थोडा भाग मला मिळायला काय हरकत आहे?"

"हरकत नाही रे, पण घेणारा तसा हिशेब करत नाही. तो आधी बघतो की या वयाची कॅटालिना २२ बाजारात कितीला जाते. तो आकडा डोक्यात ठेवून मग तुझी यादी वाचतो. तू सामानाला किती घातलेस हे त्याच्या लेखी तुझं खासगी प्रकरण आहे."

बाजारभाव लपवता येईल अशी ही बोट नाही. कॅलिफोर्नियातल्या फ्रँक बटलर यांनी १९६९ मध्ये तिची आखणी केली. घरच्या गाडीने ओढून नेता यावी, रॅम्पवरून पाण्यात सोडता यावी आणि आत चौघांनी कसंबसं का होईना झोपता यावं, हा तिचा उद्देश. पुढच्या काही दशकांत अशा १५,००० हून जास्त बोटी तयार झाल्या आणि १९९५ मध्ये तिला अमेरिकन सेलबोट हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळालं. लांबी साडेएकवीस फूट, रुंदी ७ फूट ८ इंच. अमेरिकेतल्या महामार्गांवर विशेष परवान्याशिवाय साडेआठ फूट रुंदीपर्यंत ओढता येतं, त्यात ती आरामात बसते. खालची ५५० पौंडांची बिडाची कील फिरवून वर घेतली की बोटीची पाण्याखालची खोली पाच फुटांवरून दोन फुटांवर येते.

"बघ, पंधरा हजार बोटी," भाची म्हणाली. "वसंतात मिशिगन, ओहायो, इंडियाना मिळून किती विकायला निघत असतील! गिऱ्हाइकाला तुलना करायला भरपूर जागा."

"आणि एवढ्या आहेत म्हणूनच भाग मिळतात. सॅक्रामेंटोच्या कॅटालिना डायरेक्टकडे कीलच्या खिळीपासून खिडकीच्या रबरापर्यंत सगळं आहे. शिवाय ट्रेलर असल्यामुळे माझं गिऱ्हाईक एका मरीनापुरतं राहत नाही, चार राज्यांतून येऊ शकतं."

"मग ट्रेलरची स्थिती पहिल्या ओळीत लिही. 'सोबत ट्रेलर' यापलीकडे त्याबद्दल काहीच लिहिलं नाहीस. कपाच्या स्टँडला मात्र अख्खं वाक्य दिलंयस."

पेन्सिल घेऊन ती यादीचे तीन भाग पाडू लागली. ज्याच्यावाचून बोट हलणारच नाही ते पहिल्या भागात: शिडं, डोलकाठीच्या तारा, मोटर, ट्रेलर. दुसऱ्यात वेळ आणि कष्ट वाचवणारं: गुंडाळशीड, डोलकाठी उभी करायचा दांडा. उरलेल्या सामानावर तिने एकच शब्द लिहिला: हौस.

"ऑटोपायलट हौस?" मामा उसळला. "अगं, एकटा माणूस सुकाणू धरून शिडं चढवेल कशी? बोट वाऱ्याकडे तोंड करून धरायला कोणीतरी लागतं. ते काम ऑटोपायलट करतो. मी कित्येकदा एकटाच गेलोय तो त्याच्या जोरावर."

"मग तसं लिही ना. नुसतं मॉडेलचं नाव वाचून नवख्याला काय कळणार? एकट्याने शिडं चढवता येतात, हे वाचलं की ज्याच्या बायकोला बोटीत अजिबात रस नाही तो लगेच फोन उचलेल."

आतून मामीचा आवाज आला, की अशा बायका बऱ्याच असतात. ऑटोपायलट दुसऱ्या भागात गेला.

यानंतर भाचीने वजन विचारलं, आणि याचं उत्तर मामाकडे तयार होतं. महामार्गावरच्या ट्रकच्या काट्यावर त्याने सगळा लवाजमा एकदा तोलून घेतला होता: बोट, ट्रेलर, मोटर आणि सामान मिळून ३,९०० पौंड. कंपनीच्या पत्रकात स्विंग कीलच्या, म्हणजे फिरत्या कीलच्या, बोटीचं वजन २,२५० पौंड दिलेलं असतं. त्यावर ट्रेलर आला, मोटर, बॅटऱ्या, नांगर, साखळी, शेगडी आणि भरलेली पाण्याची टाकी आली. अमेरिकेतल्या कितीतरी मध्यम एसयूव्हींची ओढण्याची मर्यादा ३,५०० पौंड असते.

"म्हणजे तुझ्या सामानानेच काही गिऱ्हाइकं दाराबाहेर ठेवली," भाची म्हणाली.

"३,५०० च्या गाडीने कॅटालिना २२ ओढूच नये. सामान उतरवलंस तरी ते काठावरचं काम. थांबायची वेळ आली की कळतं," मामातला मोटार इंजिनीअर बोलला.

"मग तोललेलं वजन जाहिरातीत टाक. शंभर मैल येऊन आपल्या गाडीने हे ओढवणार नाही असं ज्याला कळतं, त्याचाही शनिवार जातो आणि तुझाही."

हा मुद्दा मामाने मुकाट्याने लिहून घेतला. भाची मात्र यादी पुन्हा वरपासून वाचत होती आणि तिला त्यात एक गोष्ट सापडत नव्हती.

"कीलबद्दल काहीच नाही?"

"कील काय, सगळ्याच कॅटालिनाला असते."

"तू दोन हिवाळ्यांपूर्वी गॅरेजमध्ये झोपून काहीतरी करत होतास. मामी चिडली होती. ते काय होतं?"

मामाने सांगितलं ते असं. कील ज्या खिळीवर फिरते ती झिजते, तिचं भोक लांबट होतं, आणि मग नांगरावर उभ्या असलेल्या बोटीत लाटेगणिक खालून ठक्-ठक् ऐकू येतं. कील उचलणारी तार आतल्या विंचपासून निघून एका नळीतून तळाबाहेर जाते. त्या नळीवरचं रबर जुनं झालं की पाणी आत शिरतं. तारच तुटली तर ५५० पौंड लोखंड एकदम खाली येतं आणि तळाला तडा जाऊ शकतो. मामाने कील उतरवून गंज घासला, इपॉक्सी चढवलं, खीळ, तार, रबर, क्लॅम्प सगळं बदललं. प्रत्येक टप्प्याचे फोटो काढले आणि पावत्या फाइलला लावल्या.

"आणि हे जाहिरातीत नाही!"

"त्यात सांगायचं काय? ते तर करावंच लागतं."

दोघांचा खरा वाद इथे होता. मामाने आपण हौसेने बोटीत जोडलेलं सगळं वर घेतलं होतं आणि बोट बुडू नये म्हणून केलेलं काम कर्तव्य समजून गाळलं होतं. घेणाऱ्याचं डोकं बरोबर उलट्या दिशेने चालतं. कील पडेल का, डेक कुजलंय का, महामार्गावर चाक निखळेल का, मोटर भर पाण्यात बंद पडेल का, कागद नीट आहेत का, हे त्याचे पहिले पाच प्रश्न. जीपीएस त्यानंतर. तोही पुष्कळदा त्याच्या फोनमध्ये असतोच.

"फाइलचा फोटो पहिल्या तीन फोटोंत हवा," भाचीने ठरवून टाकलं. "सूर्यास्ताचा नको."

ट्रेलरपाशी गेल्यावर मामाची पुन्हा पंचाईत झाली. टायर चांगले आहेत, खाचा शाबूत आहेत, असं तो म्हणत असताना भाचीने खाली वाकून टायरच्या कडेवरचे शेवटचे चार आकडे वाचले: १८१६. म्हणजे २०१६ सालचा अठरावा आठवडा. बोटीचा ट्रेलर वर्षातून थोडेच मैल चालतो, त्यामुळे खाचा झिजत नाहीत. पण रबर उन्हात आणि उभ्या वजनाखाली म्हातारं होतं, आणि मग भर उन्हात भर वेगात फुटतं. आयुष्य मोटारींत गेलेल्या माणसाला हे शिकवायची गरज नव्हती.

"नवे टायर टाकले तर ते पैसे किमतीत परत येतील का?" त्याने विचारलं.

"नाही येणार. पण हे टायर ठेवलेस तर गिऱ्हाईक परत येणार नाही."

चाकांच्या बेअरिंगमध्ये दर वसंतात नवं ग्रीस भरलेलं होतं, त्याचीही नोंद फाइलमध्ये निघाली. दिवे एलईडीचे. हे सारं नव्या जाहिरातीत ट्रेलरच्या ओळीत आलं.

रेडिओवरून मात्र भाचीलाच नवीन शिकायला मिळालं. तिच्या मते जुना व्हीएचएफ म्हणजे फार तर पन्नास डॉलरचा माल. मामाने तिला सेटवरचं लाल बटण दाखवलं. ते दाबून धरलं की संकटाचा संदेश जातो आणि त्यासोबत नऊ आकडी एमएमएसआय क्रमांक जातो. तो क्रमांक मालकाच्या नावावर, बोटीच्या वर्णनासह नोंदलेला असतो.

"म्हणजे बोट विकल्यावर नव्या मालकाने बटण दाबलं तर कोस्ट गार्ड मामीला फोन करणार?"

"अगदी बरोबर. बऱ्याच सेटमध्ये हा क्रमांक वापरणाऱ्याला एकदा-दोनदाच भरता येतो. नंतर सेट कंपनीकडे पाठवून पुसून घ्यावा लागतो. नव्या मालकाने स्वतःचा क्रमांक घ्यायचा आणि मी माझी नोंद रद्द करायची."

"मग हे सामान नाही, काम आहे. काम पुरं करून विक."

"सुरक्षा साहित्य परिपूर्ण" हे शब्दही खोडले गेले. ग्रेट लेक्सवर लागणारे प्रकाशसंकेत, म्हणजे फ्लेअर, तयार झाल्यापासून ४२ महिन्यांत मुदतबाह्य होतात, आणि मामाच्या डब्यातल्यांची मुदत संपली होती. एकदा वापरून टाकायच्या अग्निशामकांना २०२२ पासून १२ वर्षांची मर्यादा आहे. मामाचा अग्निशामक मात्र नवा होता. लाइफजॅकेट चार, चांगल्या स्थितीत. जेवढं खरं तेवढं लिहिलं गेलं.

मग भाचीने आपला हुकमी एक्का काढला. "सामान वेगळं विकू. स्पिनेकरला गिऱ्हाईक वेगळं, ऑटोपायलटला वेगळं, मोटर तर उद्या जाईल. बेरीज केलीस तर बोटीबरोबर मिळतील त्याहून जास्तच मिळतील."

हा हिशेब बरोबर होता. सहा हॉर्सपॉवरची, शिडाच्या बोटींसाठी मुद्दाम लांब शाफ्टची केलेली तोहात्सु मोटर एकटी विकायला काढली असती तर दोन दिवसांत गेली असती.

"मोटर काढलीस की रॅम्पवरून धक्क्यापर्यंत बोट न्यायची कशी? चाचणी कशाने देणार?" मामाने विचारलं. "रेडिओची अँटेना, कंपास, विंच उतरवलेस की मागे भोकं राहतात. या बोटीच्या डेकमध्ये दोन फायबरग्लासच्या थरांमध्ये प्लायवुड आहे. भोकातून पाणी शिरलं की ते कुजतं. आणि विद्रूप बोट बघून माणूस विचारतो, आणखी काय काय काढलं? तुझ्या बेरजेतून बोट वजा झाली ना, तर काहीच उरत नाही."

भाची हटली. मध्यम मार्ग निघाला तो असा की जे बोल्टने जोडलंय ते बोटीबरोबर जाईल, आणि जे पिशवीतून आणलं ते पिशवीतून परत जाईल. शेगडी, हातातला जुना जीपीएस आणि दुसरा नांगर घरी राहिले. स्पिनेकर राहिलं, कारण त्याचा दांडा आणि दोऱ्या बोटीवरच बसवलेल्या होत्या.

प्लायवुडचा विषय निघालाच तेव्हा मामाने पुढच्या हॅचजवळची एक जागा दाखवली. पेन्सिलच्या मागच्या टोकाने ठोकलं तर सगळीकडे टणक आवाज येतो, तिथे तळहाताएवढ्या भागात बद्द येतो.

"सांगायचं का?" मामाने विचारलं. "एवढ्याशासाठी पाचशे कमी मागतील."

"खासगी विक्री आहे, आहे त्या स्थितीत असं लिहितोच आहेस. तरी माहीत असलेला दोष लपवला तर त्या तीन शब्दांचा आडोसा मिळेलच असं नाही. आणि ज्याला बोट कळते तो ठोकून बघणारच. दोष त्याचा त्याला सापडला तर तुझ्या फाइलवरचाही विश्वास उडेल."

त्या जागेभोवती खडूने गोल काढून फोटो घेतला गेला.

किमतीवर शेवटची झटापट झाली. मामा साडेनऊ हजारांवर, भाची सहावर. मामाचं म्हणणं, नवे टायर आणि दुरुस्त केलेली कील धरून तरी आठ. भाचीचं म्हणणं, पहिल्या आठवड्यात फोन आले नाहीत तर जाहिरात शिळी होते आणि मग सहाही मिळत नाहीत. ७,२०० वर तडजोड झाली. नवी जाहिरात अर्ध्या पानाची: सुरुवातीला ट्रेलर, तोललेलं वजन, कील, मोटर आणि शिडांची स्थिती, मध्ये एकट्याने चालवता येते हे, शेवटी दोष आणि उरलेलं सामान एका ओळीत. कपाचे स्टँड मामाने हट्टाने ठेवायला लावले, पण फोटोत.

ग्रँड रॅपिड्सहून एक जोडपं आलं. नवऱ्याने आधी मोटरच्या झाकणावर हात ठेवून ती थंड आहे ना ते पाहिलं, म्हणजे आपण यायच्या आधी चालवून ठेवलेली नाही याची खात्री. मामाने पिंपात शाफ्ट बुडवून ती सुरू करून दाखवली. हिवाळ्याआधी कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल संपवून ठेवायची त्याची सवय इथे कामी आली. इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल महिनोन्महिने पडून राहिलं की याच बारीक नळ्या चोंदतात. मग वर विजेच्या तारा नाहीत हे दोनदा पाहून डोलकाठी उभी केली. अॅल्युमिनियमची पंचवीस फुटी काठी आणि रॅम्पजवळच्या तारा यांची गाठ जिवावर बेतते, हे मामा प्रत्येकाला सांगतोच. दांडा आणि विंचने ती एकट्या माणसाकडून वर गेली. बाईंनी कीलची फाइल पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली, खडूच्या गोलावर स्वतः ठोकून पाहिलं आणि मागच्या फळीवर उजव्या बाजूला कोरलेला सीटीवायपासून सुरू होणारा क्रमांक मालकीच्या कागदाशी, म्हणजे टायटलशी, ताडून घेतला.

सौदा ६,८०० ला ठरला. बँकेत पैसे देताना नवरा हळूच म्हणाला, पावतीवर चार हजार लिहिलंत तर बरं होईल. मिशिगनमध्ये बोट नावावर करताना घेणाऱ्याला ६ टक्के कर भरावा लागतो, त्यामुळे ही विनंती इथे नवी नाही. मामाने भाचीकडे पाहिलं.

"नाही जमणार," भाचीने मराठीत मामाला आणि लगेच इंग्रजीत गिऱ्हाइकाला सांगितलं. "सही मामाची आहे."

पावतीवर ६,८०० आले, त्यात ट्रेलरची किंमत वेगळी दाखवून. वीस फुटांहून लांब असल्यामुळे मिशिगनमध्ये या बोटीला टायटल लागतं. ते सही करून दिलं. ट्रेलरची नंबरप्लेट नव्या मालकाला जात नाही, म्हणून मामाने स्क्रू काढून ती ठेवून घेतली. त्याच संध्याकाळी विमा बंद झाला आणि एमएमएसआयची नोंद रद्द झाली.

"बघितलंस?" मामीने चहा ठेवल्यावर मामा म्हणाला. "तो ऑटोपायलटशी किती वेळ खेळत होता! सामानानेच आणलं त्याला इथवर."

"आणि सही कोणी करायला लावली? त्याच्या बायकोने. फाइल वाचून. तुझ्या ऑटोपायलटसाठी त्याने एक डॉलर तरी वाढवला का?"

"नाही वाढवला," मामा म्हणाला. "पण त्याच्याशी खेळता खेळता डेकच्या गोलासाठी पाचशे कमी करायचे विसरला. चारशेच केले."